कडक की मऊ? वळणावरच्या तोलाचा हिशेब

सस्पेन्शन कडक केले की गाडी वळणाला चिकटते, असे बहुतेक वाहनप्रेमी मानतात. मोटारींचा इतिहास मात्र या समजाला दाद देत नाही. फ्रान्सची सित्रोएन टूसीव्ही वळणावर इतकी झुकायची की पाहणाऱ्याला ती आता कलंडणार असे वाटे, पण ती सहसा कलंडत नसे आणि रस्ताही सोडत नसे. १९६२ साली आलेल्या लोटस एलान या हलक्या स्पोर्ट्‌स कारच्या स्प्रिंगा मऊ होत्या. तरीही वळणावरच्या वागणुकीचा मानदंड म्हणून तिचेच नाव आजवर घेतले जाते. त्याच लोटसने १९७८ च्या फॉर्म्युला वन हंगामात धावपट्टीला पोट लावून पळणारी, अत्यंत कडक गाडी उतरवली आणि विश्वविजेतेपद मिळवले. मऊही जिंकते, कडकही जिंकते. मग कडकपणा नेमके करतो काय?

गेल्या नव्वद वर्षांतल्या संशोधनाचे आणि अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येते: कडकपणा पकड निर्माण करत नाही, तो भाराची वाटणी करतो. या वाटणीचे गणित बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गोंधळ होतो तो त्या गणिताला असलेल्या अपवादांमुळे.

एकूण भार ठरलेला असतो

वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे सरकते. किती सरकेल हे चार गोष्टींवर ठरते: गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि वळण घेण्याचा जोर. या यादीत स्प्रिंग नाही.

आकडे घालून पाहू. गाडी १२०० किलोची, गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंचीवर, चाकांमधले अंतर १.५ मीटर. वळणाचा जोर गुरुत्वत्वरणाच्या निम्मा, म्हणजे अर्धा जी. १२०० ला ०.५ ने आणि ०.५५ ने गुणून १.५ ने भागले की उत्तर येते २२० किलो. एवढा भार आतून बाहेर गेलाच पाहिजे, मग स्प्रिंगा ट्रकच्या बसवा नाहीतर पाळण्याच्या. गाडी झुकल्यामुळे गुरुत्वमध्यही थोडा बाहेर सरकतो, हे खरे. पण तीन अंश झुकावाने तो जेमतेम अडीच सेंटिमीटर हलतो आणि भारात साधारण २० किलोंची भर पडते. म्हणजे झुकाव हे भार सरकण्याचे मुख्य कारण नव्हेच. गाडी झुकते म्हणून भार सरकतो, हा गॅरेजमधला लाडका सिद्धांत इथेच निकालात निघतो.

स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (झुकावाला विरोध करणारा आडवा दांडा) ठरवतात ते एवढेच, की या २२० किलोंपैकी किती पुढच्या जोडीने उचलायचे आणि किती मागच्या. घरावरचे कर्ज ठरलेले आहे, दोन भावांनी ते कसे फेडायचे एवढाच प्रश्न आहे. झुकावाला ज्या टोकाचा विरोध जास्त, त्या टोकावर वाटा जास्त.

टायरचा स्वभाव

या वाटणीने फरक पडतो तो टायरच्या एका स्वभावामुळे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची बाजूची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे जोडीतल्या एका टायरवर जास्त आणि दुसऱ्यावर कमी भार आला की बाहेरच्याने कमावलेल्या पकडीपेक्षा आतल्याने गमावलेली पकड मोठी ठरते. जोडीची बेरीज घटते. ही घट सरकलेल्या भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट सरकला तर तोटा चौपट होतो.

वरच्याच गाडीचे ६० टक्के वजन पुढे आहे असे धरू, म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ३६० आणि मागच्या प्रत्येक चाकावर २४० किलो. टायरचा एक ढोबळ नमुना घेऊन हिशेब करू: दर किलो भारामागे १.२ किलो पकड, आणि भार वाढेल तसे हे प्रमाण प्रत्येक किलोमागे ०.०००६ ने घटते. सरकणाऱ्या भाराचा ६० टक्के वाटा पुढे टाकला तर पुढच्या जोडीची पकड तिच्या वजनाच्या ०.९५५ पट आणि मागच्या जोडीची १.०३७ पट येते. पुढची चाके आधी हार मानतात. स्टिअरिंग आणखी फिरवले तरी नाक वळणाबाहेर सरकत राहते, हा अंडरस्टिअर. आता मागे जाड बार बसवून वाटणी उलटी करू, ४० टक्के पुढे आणि ६० टक्के मागे. पुढची पकड ०.९७१ होते, मागची १.०१२. दोन टोकांमधली तफावत निम्म्यावर आली, पण अंडरस्टिअर उरलाच.

नमुना काल्पनिक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा आहे. वजनाची मांडणी आणि टायर यांनी ठरवलेला गाडीचा मूळ कल सस्पेन्शनच्या कडकपणाने हलतो, सहसा उलटत नाही. पुढचे टोक कडक केले की अंडरस्टिअर वाढतो. मागचे कडक केले की शेपूट सुटण्याकडे, म्हणजे ओव्हरस्टिअरकडे, कल जातो. दोन्ही टोके सारख्याच प्रमाणात कडक केली तर तोल जवळजवळ तोच राहतो. गाडी कमी झुकते, चालकाला ती चपळ वाटते, आणि ‘पकड वाढली’ असा भास होतो.

ऑलीची देणगी

हा विषय शास्त्रशुद्ध करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याकडे जाते. रोल्स-रॉइसमधून तो १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे आला. त्या काळच्या मोटारींच्या पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा कडक असत आणि खड्ड्यावरून गेल्यावर गाडी नाक-शेपूट खालीवर करत डुलत राही. वजने इकडेतिकडे हलवता येतील अशी एक चाचणी-गाडी ऑलीने तयार केली आणि दाखवून दिले की प्रवास सपाट हवा असेल तर पुढचे टोक मागच्यापेक्षा मऊ हवे. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो. मागचे टोक उशिरा सुरू होते. ते थोडे वेगाने हलले तरच पुढच्याला गाठते. या विचारातूनच जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले.

इथेच एक पेच उभा राहिला. आरामासाठी पुढची स्प्रिंग मऊ हवी, पण ती मऊ केली की झुकावाला विरोध करण्यातला पुढचा वाटा घसरतो आणि गाडी ओव्हरस्टिअरकडे जाते. सामान्य चालकासाठी तेच सर्वांत धोक्याचे. त्यावरचा उपाय म्हणजे अँटी-रोल बार. दोन्ही चाके एकदम वर गेली तर हा आडवा दांडा नुसता फिरतो. एक वर आणि एक खाली गेले तरच पिळला जातो. आरामाचा खर्च स्प्रिंगकडे आणि तोलाचा खर्च बारकडे, अशी खाती वेगळी झाली. आजच्या बहुतेक प्रवासी गाड्यांना पुढे बार असतोच, मागे असेलच असे नाही, त्याचे मूळ या पेचात आहे.

बार हे हाताळायला हलके पण परिणामाला जड हत्यार आहे. भरीव दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ चा घातला तर तो ४६ टक्के कडक होतो. स्प्रिंगच्या बाबतीत आणखी एक वळसा आहे. स्प्रिंग चाकापासून आत बसवलेली असते, आणि चाक हलते त्याच्या ०.७ पटच ती दबत असेल तर चाकापाशी तिचा कडकपणा निम्माच, ०.४९ पट, जाणवतो. म्हणून दोन वेगळ्या गाड्यांच्या स्प्रिंगांचे आकडे समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही.

कॉर्व्हेअरचा धडा

कडकपणाची वाटणी चुकली तर काय होते, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे शेव्हरोलेची कॉर्व्हेअर. १९६० च्या या मॉडेलचे इंजिन मागे होते, वजनाचा मोठा वाटाही मागे. मागचे सस्पेन्शन स्विंग अॅक्सल प्रकारचे, म्हणजे अर्धे आस आतल्या टोकाशी बिजागरासारखे हलणारे.

या रचनेत एक बारकावा आहे. सरकणारा सगळा भार स्प्रिंगांमधून जात नाही. त्यातला एक हिस्सा थेट सस्पेन्शनच्या दांड्यांमधून चाकांवर पोचतो, आणि ज्याला रोल सेंटर म्हणतात तो बिंदू जितका उंच, तितका हा हिस्सा मोठा. स्विंग अॅक्सलमध्ये तो बराच उंच असतो. म्हणजे स्प्रिंगा मऊ असूनही मागच्या टोकावर मोठा वाटा येऊन पडतो. त्यातच जोरदार वळणावर मागचा भाग वर उचलला जाऊन बाहेरचे चाक आत दुमडण्याची भीती.

पहिल्या कॉर्व्हेअरना पुढे अँटी-रोल बार नव्हता. कंपनीने तोल टायरमधल्या हवेवर सोपवला होता: पुढे १५ आणि मागे २६ पौंड दाब. पुढे हवा कमी ठेवून पुढची पकड मुद्दाम सैल करायची, ही त्यामागची युक्ती. पण चारी चाकांत सारखी हवा भरायची सवय असलेल्या पेट्रोल पंपांवर ती टिकणार कशी?

१९६४ च्या मॉडेलमध्ये झालेली दुरुस्ती वाटणीच्या सिद्धांताचा नमुनाच आहे. पुढे अँटी-रोल बार आला, म्हणजे पुढचा वाटा वाढला. मागे एक आडवा कमानपाटा आला. तो दोन्ही चाकांचा भार पेलतो, पण झुकावाला विरोध करत नाही. त्यामुळे मागच्या मुख्य स्प्रिंगा मऊ करता आल्या आणि मागचा वाटा घटला. १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शनच बदलले गेले. त्याच वर्षी राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि गाडीचे नाव कायमचे डागाळले. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने मात्र अहवाल दिला की १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर समकालीन गाड्यांच्या तुलनेत विशेष धोकादायक नव्हती. दोन्ही बाजूंचे आजही समर्थक आहेत. तांत्रिक धडा निर्विवाद आहे: तोल हा चालकाने किंवा पंपवाल्याने राखायचा नसतो, तो गाडीच्या बांधणीत असावा लागतो.

नियम उलटतो तेव्हा

पुढे कडक म्हणजे अंडरस्टिअर, मागे कडक म्हणजे ओव्हरस्टिअर. पाठ्यपुस्तकातला हा नियम शर्यतीच्या मैदानात अनेकदा तोंडघशी पडतो. नियम चुकीचा नाही. पण त्याच वेळी दुसरी एखादी गोष्टही घडत असते.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे चाकाचा कल. गाडी झुकली की बाहेरचे चाक माथ्याकडून बाहेर ढळते आणि टायर रस्त्यावर सपाट न बसता कडेवर येतो. मॅकफर्सन स्ट्रट या स्वस्त आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या रचनेत हा ढळ भरून काढण्याची ताकद कमी असते. अशा गाडीला पुढे जाड बार बसवला तर पुढचा भारवाटा वाढून पकड घटते, पण झुकाव कमी होऊन टायर सपाट बसल्याने पकड वाढतेही. दुसरा परिणाम मोठा ठरला तर पुढचे टोक कडक करूनही अंडरस्टिअर कमी होतो.

दुसरी गोष्ट, उचललेले चाक. पुढची चाके ओढणाऱ्या लहान हॅचबॅकचे आतले मागचे चाक शर्यतीत हवेत दिसते. १९६० च्या दशकातल्या लोटस कॉर्टिनाचे मात्र पुढचे आतले चाक उचललेले छायाचित्रांत दिसते. वरच्या उदाहरणातल्या गाडीत मागचा वाटा ६० टक्के ठेवला तर सुमारे ०.९ जी ला मागचे आतले चाक रिकामे होते. त्यापुढे मागच्या जोडीकडे सरकवायला भारच उरत नाही. वाढीव भार सगळा पुढची जोडी उचलते. त्यानंतर मागचा बार आणखी जाड करून काहीही मिळत नाही.

तिसरी गोष्ट, इंजिनाची ताकद. मागची चाके ढकलणाऱ्या गाडीचा मागचा बार कडक केला की आतले मागचे चाक हलके होते आणि वळणातून बाहेर पडताना फुकट गरगरते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत नेमके उलटे: मागे कडक केले की पुढचे आतले चाक जमिनीवर दाबून राहते आणि ओढ सुधारते. अशा गाड्यांचे शौकीन मागच्या बारवर आधी पैसे का खर्च करतात, याचे उत्तर इथे आहे.

चौथी गोष्ट रबरी थांब्यांची. मऊ स्प्रिंगची गाडी खाली बसवली की वळणाच्या ऐन मध्यात सस्पेन्शन या थांब्यावर आपटते. त्या टोकाचा कडकपणा क्षणात कितीतरी पटींनी वाढतो आणि गाडीचा स्वभाव वळणाच्या मध्येच पालटतो. नुसत्या स्प्रिंगा कापून गाडी खाली आणण्याचा उद्योग म्हणूनच घातक आहे.

पाचवी गोष्ट सांगाड्याची. पुढे-मागे वेगळा कडकपणा ठेवून वाटणी बदलायची तर मधला सांगाडा पिळाला दाद न देणारा हवा. तो स्वतःच पिळला जात असेल तर एका टोकाच्या बारचा निरोप दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांना मऊ स्प्रिंगा परवडल्या त्या एलानच्या पोलादी कण्यामुळे. आपल्याकडचे अभियांत्रिकी विद्यार्थी दरवर्षी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी गाड्या उतरवतात. त्यात पुण्या-मुंबईचे संघही असतात. आठच्या आकड्यातल्या १५.२५ मीटर व्यासाच्या वर्तुळांवरच्या चाचणीत बार बदलूनही तोल हलत नसेल, तर संशयाची सुई आधी सांगाड्याकडे वळवावी लागते.

शॉक अॅब्झॉर्बरचा उल्लेख इतक्या उशिरा येण्याला कारण आहे. तो हालचालीच्या वेगाला विरोध करतो. गाडी वळणात स्थिर झाली, झुकाव थांबला, की त्याचा वाटा शून्य. वळणात शिरताना आणि बाहेर पडताना मात्र भार कोणत्या टोकावर आधी पोचेल हे तोच ठरवतो. त्यामुळे एखादी गाडी शिरताना अंडरस्टिअर आणि मध्यात ओव्हरस्टिअर दाखवत असेल तर स्प्रिंग बदलून दोन्ही सुधारणार नाहीत.

हवा आणि संगणक

१९७० च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला वनमध्ये कडकपणाचे कारणच बदलले. लोटस ७९ सारख्या गाड्या पोटाखालच्या हवेच्या शोषणाने जमिनीला ओढल्या जात. हे शोषण जमिनीपासूनच्या उंचीवर अवलंबून असल्याने गाडी हलू न देणे महत्त्वाचे झाले. चालकांची हाडे खिळखिळी झाली तरी स्प्रिंगा कडक होत गेल्या. इथे कडकपणा टायरसाठी नव्हता, हवेसाठी होता. १९८३ मध्ये सपाट तळाचा नियम आला आणि ते पर्व संपले. २०२२ मध्ये तळाचे शोषण परतले तेव्हा गाड्या सरळ रस्त्यावर उसळू लागल्या आणि जुना वाद नव्याने पेटला.

दरम्यान, स्प्रिंगला संगणकाची जोड देण्याचे प्रयत्न झाले. १९८७ मध्ये आयर्टन सेन्ना यांनी मोनॅकोची शर्यत सक्रिय सस्पेन्शनच्या लोटसवर जिंकली; १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेल यांची विल्यम्स त्याच वाटेने विजेती ठरली. १९९४ पासून फॉर्म्युला वनने हे तंत्र बंद केले. रस्त्यावरच्या गाड्यांत ते वेगळ्या रूपात आले. सित्रोएन झँटिया अॅक्टिव्हा वळणावर जवळजवळ झुकतच नसे. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सेव्हन सीरीजमध्ये सक्रिय बार दिले. त्यांत पुढची-मागची वाटणी गाडी चालू असताना बदलता येते, म्हणजे ऑलीचा पेच मुळातूनच सुटतो.

सामान्य गाड्यांसाठी मात्र निर्णायक ठरली ती १९९७ ची घटना. स्वीडनमधल्या एका वाहन मासिकाच्या अचानक चुकवाचुकवीच्या चाचणीत मर्सिडीझची नवी ए-क्लास उलटली. कंपनीने सस्पेन्शन खाली आणून कडक केले आणि सोबत ईएसपी, म्हणजे एकेक चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा, सर्व गाड्यांत दिली. आजच्या गाडीत कडकपणाची वाटणी थोडी चुकली तरी चालकाला कळण्याआधी संगणक ती झाकतो. सोय मोठी आहे. पण घसरण रोखताना तो ब्रेक लावून वेग खातो. टायरमध्ये नसलेली पकड तोही आणू शकत नाही.

आपल्या रस्त्यांसाठी

आतापर्यंतचा हिशेब सपाट, कोरड्या रस्त्याचा होता. उंचसखल रस्त्यावर कडक चाक खड्ड्यावरून उडते. टायरवरचा भार सतत कमी-जास्त होतो आणि त्याच्या भार-स्वभावामुळे सरासरी पकड घटते. पावसात पकड कमी म्हणून वळणाचा जोर कमी, म्हणून सरकणारा भारही कमी. तेव्हा कडक सस्पेन्शनचा फायदा आटतो आणि तोटा उरतो. पाऊस आला की शर्यतीचे संघ बार आणि स्प्रिंगा सहसा मऊ करतात ते यामुळेच. जुलैतल्या आंबोली किंवा वरंधा घाटात नेमकी हीच परिस्थिती असते: ओले डांबर, मध्येच उखडलेला पट्टा, आणि वळणातच खड्डा. तिथे शोरूममधून आलेली मऊ गाडी महागड्या कडक किटवाल्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाची.

रोजच्या वेगात तर प्रश्न आणखीच वेगळा. गावातल्या किंवा महामार्गावरच्या सौम्य वळणांवर भाराची वाटणी फारसे काही ठरवत नाही. तिथे गाडीचा स्वभाव ठरतो टायरच्या ताठपणावर, रबरी बुशांच्या लवचीकतेवर आणि झुकावाबरोबर चाके किंचित कशी वळतात यावर. झिजलेल्या बुशांची गाडी नवा बार बसवून सुधारत नाही.

तेव्हा वर्कशॉपमध्ये ‘किती कडक करू?’ असे विचारले गेले तर उलट विचारावे: कोणते टोक, कोणत्या टायरवर, कोणत्या रस्त्यासाठी? क्रमही त्यातूनच येतो. आधी हवेचा दाब, मग टायर, मग बुश आणि अलाइनमेंट, त्यानंतर बार, आणि सगळे करून भागले नाही तर शेवटी स्प्रिंग. पहिल्या तीन पायऱ्यांनी पकड वाढते किंवा गमावलेली परत मिळते. शेवटच्या दोन पायऱ्या मुख्यतः हातात असलेली पकड पुढे-मागे वाटतात. म्हणून त्यांचा नंबर नंतरचा.